आठ आसनांचं विमान आणि दवाखान्यांची यंत्रं

दवाखान्यातली यंत्रं तपासणं हे माझं काम. ईसीजी, डिफिब्रिलेटर, सलाइनचे पंप, रक्तातला ऑक्सिजन मोजणारी उपकरणं ठरलेल्या मुदतीत तपासायची, आकडे नोंदवायचे, यंत्रावर नवी तारीख चिकटवायची आणि पुढच्या दवाखान्याकडे निघायचं. शहरात हे सगळं गाडीने होतं. स्कॉटलंडमध्ये कंत्राटी कामावर असताना माझ्याकडे बेटांचा भाग आला आणि गाडीची जागा विमानाने घेतली. उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूह, पश्चिमेला बॅरा. या छोट्या विमानसेवांबद्दल एरवी जे वाचायला मिळतं ते बहुतेक नवलाई म्हणून लिहिलेलं असतं: जगातलं सर्वांत कमी वेळाचं उड्डाण, वाळूवर उतरणारं विमान. तिथे राहणाऱ्या माणसांसाठी मात्र ते विमान म्हणजे डॉक्टर, मास्तर, टपाल आणि रात्रीच्या आत घरी परतायची सोय आहे. कामानिमित्ताने ही बाजू जवळून दिसली, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात बॅग भरण्यापासून होते, आणि तिथेच निम्मी डोकेफोड होते. माझ्या सामानात सर्वांत जड असतो तो डिफिब्रिलेटर तपासायचा संच. डिफिब्रिलेटर हृदयाला विजेचा झटका देतो. तो झटका हव्या तेवढ्या ताकदीचा आहे की नाही हे माणसावर करून बघता येत नाही, म्हणून आमच्या संचात छातीच्या जागी 50 ओहमचा रोध, म्हणजे विजेला अडवणारा भाग असतो. त्यात 200 ज्यूलचा झटका सोडायचा आणि प्रत्यक्षात किती ऊर्जा पोचली ते वाचायचं. त्याच्या जोडीला ईसीजीचे नकली ठोके देणारं उपकरण, दाबमापक, वायरींची भेंडोळी, पान्हे, स्क्रूड्रायव्हर आणि जुन्याच्या जागी बसवायच्या नव्या बॅटऱ्या.

बॅटऱ्यांचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या सामानाच्या कप्प्यात टाकता येत नाहीत, स्वतःजवळ ठेवाव्या लागतात. टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावायची. बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॉट-तासांत मोजतात: 100 वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या चालतात, 100 ते 160 मधल्यांना विमान कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठ्या प्रवाशाला नेताच येत नाहीत. त्या बोटीने पुढे पाठवायच्या. मग राहिलेल्या सामानाचं वजन. लहान विमानात सामानाची मर्यादा इतकी कमी असते की तपासणीचा संच ठेवला की माझ्या कपड्यांना जेमतेम जागा उरते. प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारायचं: ही नसेल तर काम अडेल का? अडणार नसेल तर ती मागे.

ऑर्कनीतलं मुख्य गाव कर्कवॉल. तिथपर्यंत मोठी विमानं येतात. तिथून पुढे उत्तरेकडच्या सहा बेटांवर, म्हणजे ईडे, स्ट्रॉन्से, सँडे, वेस्ट्रे, पापा वेस्ट्रे आणि नॉर्थ रोनल्डसे इथे जाणारं विमान म्हणजे ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. दोन पंखे, पंख पोटाच्या वर, चाकं कायमची बाहेर. आत न घेता येणारी चाकं बघून पहिल्यांदा जरा जुनाट वाटतं, पण त्यामागे हिशोब आहे. काही मिनिटांच्या उड्डाणात चाकं आत-बाहेर करणारी यंत्रणा ठेवायची म्हणजे तिचं वजन वाहायचं, शिवाय मीठ भरलेल्या हवेत तिची देखभाल करायची. आयलंडरमध्ये तो भाग मुळात नाहीच, त्यामुळे तो बिघडायचा प्रश्नही नाही.

वैमानिक एक, प्रवासी आठ. मधून चालायला वाट नाही. जीपमध्ये चढावं तसं बाजूच्या दारातून थेट आपल्या आसनावर जाऊन बसायचं. कुणी कुठे बसायचं हे आपण ठरवत नाही; वजन पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना सारखं राहायला हवं, म्हणून सांगतील तिथे बसायचं. माझा संच जड असल्यामुळे तो कुठे ठेवायचा यावर वैमानिक आणि सामान चढवणारा यांची थोडा वेळ चर्चा झाली. मला ती फार आवडली. मोठ्या विमानतळावर आपली बॅग पट्ट्यावरून नाहीशी होते आणि पुढे तिचं काय झालं ते कळत नाही. इथे माझ्यासमोर एका माणसाने ती उचलली, दुसऱ्याने वजन विचारलं, कागदावर लिहिलं आणि जागा ठरवली. मी वैमानिकाच्या बरोबर मागे होते. त्याच्या खांद्यावरून सगळे काटे दिसत होते आणि समोरच्या काचेतून समुद्र.

बाकीचे प्रवासी कोण होते हे सांगायला हवं. एक फिरती संगीतशिक्षिका होती, बेटाबेटावरच्या शाळांत वाद्य शिकवणारी. एक बाई रुग्णालयातून तपासणी करून परत निघाल्या होत्या. एक तरुण बोटीच्या इंजिनाचा सुटा भाग मांडीवर घेऊन बसला होता. मी सोडले तर कुणीही खिडकीतून फोटो काढत नव्हतं.

पापा वेस्ट्रेची लोकवस्ती शंभराच्या आत आहे. तिथली धावपट्टी साधारण अर्धा किलोमीटर लांबीची, आजूबाजूला कुरणं. उतरताना दोन गोष्टी नजरेत भरल्या: वाऱ्याने ताठ झालेला विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी खांबावरची कापडी नळी, आणि शेजारी उभी असलेली अग्निशमनाची गाडी. प्रवासी घेऊन विमान उतरायचं तर अग्निशमनाची सोय हजर असावीच लागते. शंभर माणसांच्या बेटावर त्यासाठी पूर्णवेळ दल ठेवणं शक्य नाही, म्हणून बेटावरचीच माणसं प्रशिक्षण घेऊन हे काम करतात. विमानाच्या वेळेआधी येतात, धावपट्टीवरून फिरून ती मोकळी आहे याची खात्री करतात, पोशाख चढवतात आणि विमान पुन्हा उडेपर्यंत थांबतात. मग पोशाख उतरवून आपापल्या शेताकडे किंवा दुसऱ्या कामाला जातात. माझी बॅग उतरवून घेणारा माणूसच मला दवाखान्यापर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने वाऱ्याचा अंदाज सांगितला आणि माझं काम कितीला आटपेल ते विचारलं, कारण परतीच्या विमानालाही तोच हजर राहणार होता.

दवाखाना छोटा, पण नीटनेटका. अशा ठिकाणी यंत्र तपासताना माझा हात जरा जास्त सावकाश चालतो. शहरातल्या रुग्णालयात एक डिफिब्रिलेटर बंद निघाला तर शेजारच्या वॉर्डातून दुसरा आणता येतो. इथे शेजारचा वॉर्ड म्हणजे समुद्रापलीकडचं बेट. बॅटरी किती जुनी आहे, छातीला लावायच्या पॅडची मुदत कधी संपते, हे सगळं पुढच्या तपासणीपर्यंतचा काळ धरून बघावं लागतं. मुदत संपायला थोडे महिने उरलेले पॅड मी शहरात राहू देते. बेटावर बदलून टाकते.

तिथे एक आजी रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. विमानाबद्दल मी विचारलं तेव्हा त्यांनी हिशोबच मांडला. बोटीने कर्कवॉलला जायचं तर जाण्यायेण्याच्या वेळा अशा की मुक्काम पडतो. मुक्काम म्हणजे दुसऱ्याच्या घरी राहणं आणि मागे गुरांकडे बघायला माणूस शोधणं. विमानाने सकाळी जाऊन डॉक्टरांना भेटून संध्याकाळी घरी येता येतं. “माझ्या वयाच्या बाईला तपासणी चुकवायला एवढं निमित्त पुरतं. विमान आहे म्हणून मी चुकवत नाही,” त्या म्हणाल्या. मला वाटतं या सगळ्या विषयाचं मर्म त्या वाक्यात आहे. आणीबाणीला हेलिकॉप्टर येतं, त्याचे फोटो छापून येतात. पण आणीबाणी येऊच नये म्हणून साध्या, ठरलेल्या तपासण्या वेळेवर व्हाव्या लागतात, आणि त्या होतात रोजच्या साध्या विमानामुळे.

तिथून मला शेजारच्या वेस्ट्रे बेटावर जायचं होतं. हेच ते प्रसिद्ध उड्डाण. अंतर सुमारे 2.7 किलोमीटर, म्हणजे एडिंबरो विमानतळाच्या धावपट्टीहून थोडंसंच जास्त. वेळापत्रकात दोन मिनिटं दिली आहेत. वारा अनुकूल असताना 53 सेकंदांत ते पार झाल्याची नोंद आहे. ही सेवा 1967 पासून चालू आहे. लोक विचारतात, एवढ्याशा अंतराला विमान कशाला? उत्तर नकाशात आहे. हे दोन बेटांमधलं वेगळं उड्डाण म्हणून आखलेलं नाही. विमान कर्कवॉलहून निघतं, उत्तरेकडच्या बेटांना शिवत परत कर्कवॉलला येतं. दोन थांबे एकमेकांजवळ आले एवढंच. वेस्ट्रेची धावपट्टी त्या बेटाच्या उत्तर टोकाला आहे, त्यामुळे अंतर आणखी कमी झालं. दोन थांब्यांमधला तो तुकडा सुटा करून पाहिला तर विक्रम दिसतो, पूर्ण फेरी पाहिली तर गावागावातून जाणारी सार्वजनिक गाडी.

परतीच्या दिवशी धुकं आलं. उन्हाळ्यातल्या तुलनेने उबदार हवेला थंड समुद्राचा स्पर्श झाला की हे धुकं तयार होतं आणि बघता बघता किनारा गिळून टाकतं. मोठ्या विमानतळांवर न दिसताही उतरवणारी उपकरणं असतात. या छोट्या धावपट्ट्यांवर वैमानिकाला जमीन डोळ्यांनी दिसावी लागते. न दिसली तर विमान नाही. सकाळचं गेलं, दुपारचंही गेलं. गंमत अशी की समुद्र शांत होता आणि बोटी व्यवस्थित चालू होत्या. हिवाळ्यात नेमकं उलट होतं, असं तिथल्या लोकांनी सांगितलं: लाटा उसळल्या की बोट धक्क्याला लागू शकत नाही, पण हवा स्वच्छ असली तर वाऱ्यात आयलंडर येऊ शकतं. बोट आणि विमान यांपैकी एकच ठेवा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दोघांना अडवणारी कारणं वेगवेगळी आहेत, म्हणूनच दोन्ही लागतात.

मी बोटीने कर्कवॉलला आले. माझा एक दिवस गेला, त्याचं काही विशेष नाही. पण त्याच विमानाने एक जण रुग्णालयात जाणार होते. कित्येक आठवडे वाट पाहून मिळालेली त्यांची वेळ टळली असती. फोनाफोनी झाली, त्यांनाही बोटीत जागा मिळाली, रुग्णालयाने वेळ पुढे ढकलून दिली. अशा वेळी सगळं काही एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांवर चालतं, आणि ती माणसं थकेपर्यंत धावपळ करतात.

बोटीवर वेळ भरपूर होता, त्यात मी या सेवांचा इतिहास वाचत बसले. 1933 हे वर्ष यात फार महत्त्वाचं आहे. त्या वर्षी कॅप्टन फ्रेसन या वैमानिकाने स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरचं इन्व्हर्नेस ते कर्कवॉल अशी नियमित विमानसेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी, मे 1934 मध्ये, याच मार्गावर ब्रिटनमधली पहिली नियमित देशांतर्गत हवाई टपालसेवा सुरू झाली. आणि 1933 मध्येच पश्चिमेच्या आयला बेटावरून एका आजारी कोळ्याला विमानाने ग्लासगोजवळ आणलं गेलं, तिथून स्कॉटलंडच्या हवाई रुग्णवाहिकेची सुरुवात मानतात.

याच्या तीनच वर्षं आधी, 29 ऑगस्ट 1930 रोजी, स्कॉटलंडच्या पश्चिमेला दूर समुद्रात असलेल्या सेंट किल्डा बेटावरचे उरलेले 36 रहिवासी स्वतः सरकारला विनंती करून बेट कायमचं सोडून गेले होते. तरुणांचं स्थलांतर, आजारपण, पिकाची नापिकी, महिनोन्महिने तुटणारा संपर्क अशी कारणं एकावर एक साचत गेली. विमान असतं तर ते गाव टिकलं असतं असं मी म्हणणार नाही. तिथे धावपट्टीला सपाट जमीनही नाही. पण कोणतं बेट राहण्याजोगं राहील आणि कोणतं नाही, हे ठरताना आजारी माणसाला बाहेर कसं काढायचं हा प्रश्न किती वर असतो, ते त्या 36 जणांच्या निर्णयावरून कळतं.

आता पैशाची गोष्ट, कारण ती टाळून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. आठ आसनांचं विमान तिकिटाच्या पैशांवर चालू शकत नाही. आठही आसनं भरली तरी वैमानिक, इंधन, देखभाल, अग्निशमन आणि धावपट्टीचा खर्च त्यातून निघत नाही. म्हणून युरोपात 1992 पासून एक कायदेशीर व्यवस्था आहे: मार्ग गरजेचा असेल आणि कुणी कंपनी तो स्वतःहून चालवायला तयार नसेल, तर सरकार किती फेऱ्या, किती भाडं हे ठरवून निविदा काढतं आणि तूट भरून देतं. ब्रिटननेही ती पुढे चालू ठेवली. ऑर्कनीतल्या बेटांमधल्या फेऱ्यांचा भार तिथली स्थानिक परिषद उचलते, ग्लासगो ते बॅरा मार्गाचा स्कॉटिश सरकार. शिवाय दूरच्या बेटांवरच्या रहिवाशांना मुख्य भूमीकडे जाणाऱ्या विमानांच्या मूळ भाड्यात सवलत देणारी योजना 2006 पासून आहे. ती सवलत पुढे 50 टक्के झाली.

याला काही लोक उधळपट्टी म्हणतात. मला ते पटत नाही. डोंगरातल्या गावाला रस्ता बांधतो तेव्हा त्या रस्त्यावरून वर्षाला किती नफा झाला असं कुणी विचारत नाही. समुद्रावर रस्ता बांधता येत नाही, तिथे विमान हाच रस्ता.

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाच्या विमानतळाबद्दलही असंच बोललं गेलं. सुमारे साडेचार हजार लोकवस्ती, खर्च 28.5 कोटी पौंड. 2016 मध्ये तो सुरू व्हायचा होता, पण चाचणी उड्डाणांत धावपट्टीच्या टोकाशी वाऱ्याचा वेग आणि दिशा अचानक बदलत असल्याचं आढळलं आणि उद्घाटन लांबलं. तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ ठरवून टाकलं. ऑक्टोबर 2017 मध्ये लहान विमानाने नियमित सेवा सुरू झाली. त्याआधी केपटाउनहून बोटीने जायला पाच दिवस लागत. गंभीर आजारी माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की निरुपयोगी हा शब्द तोंडातून निघत नाही.

बॅराचा अनुभव ऑर्कनीपेक्षा निराळा, कारण तिथे घड्याळ चंद्राच्या हातात आहे. बेटाच्या उत्तरेला ट्राय व्होर नावाचा रुंद, सपाट किनारा आहे. शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे तिथली ओली वाळू घट्ट बसते. त्यावर त्रिकोणात आखलेल्या तीन धावपट्ट्या आहेत, टोकांना लाकडी खांब. वारा ज्या दिशेचा असेल त्यानुसार त्यातली एक वापरतात. भरती आली की तिन्ही पाण्याखाली. नियमित प्रवासी विमानं भरती-ओहोटीच्या वाळूवर उतरतात असा हा जगातला एकमेव विमानतळ, 1936 पासून चालू असलेला.

दररोज भरतीची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून विमानाची वेळही रोज वेगळी. किनाऱ्यावर दिवे नाहीत, त्यामुळे नेहमीची उड्डाणं उजेडातच. डिसेंबरात तिथे दिवस सात तासांहून लहान असतो. ओहोटी आणि उजेड दोन्ही एकत्र मिळतील अशी वेळ शोधायची, त्यात वारा आणि ढग बघायचे. माझ्या कार्यालयाने तपासणीची तारीख नेहमीच्या पद्धतीने, महिन्याच्या तक्त्यावरून काढली होती. त्या दिवशी विमान अशा वेळी होतं की दवाखान्यात बाह्यरुग्ण विभाग भरलेला असताना मी तिथे पोचणार आणि यंत्रं मोकळी व्हायच्या आत परतीची वेळ होणार. दवाखान्यातल्या परिचारिकेने फोनवर शांतपणे सांगितलं, “तारीख नंतर ठरवू या. आधी ओहोटी कधी आहे ते पाहा.” तारीख बदलली.

ग्लासगोहून बॅराला जाणारं विमान ट्विन ऑटर, 19 आसनांचं. एकोणीसपेक्षा जास्त आसनं असली की केबिन कर्मचारी ठेवावा लागतो. इथे तो नाही, सुरक्षिततेच्या सूचना सहवैमानिक मागे वळून देतो. स्वच्छतागृह नाही, वैमानिकांची खोली उघडी. तासाभराहून थोडा जास्त प्रवास. उतरताना एका बाजूला उथळ पाणी चमकत होतं आणि चाकं टेकली तेव्हा ओल्या वाळूचं पाणी खिडकीपर्यंत उडालं. खाऱ्या पाण्यामुळे धातू गंजतो, म्हणून या विमानांच्या धुण्या-पुसण्याची काळजी घ्यावी लागते. प्रवास संपल्यावर सामान एका उघड्या निवाऱ्यात आणून ठेवतात, आपण आपलं उचलायचं.

किनारा विमानाचा आहे तसाच गावाचाही आहे. लोक तिथे शिंपल्या वेचतात, फिरायला जातात. नियम एकच: विंडसॉक वर चढलेला असेल तर विमानाची वेळ आहे, वाळूवर पाऊल टाकायचं नाही. रात्री कुणी गंभीर आजारी झालं तर वाळूवर चकाकत्या पट्ट्या अंथरून, गाड्यांचे दिवे लावून आणीबाणीचं विमान उतरवल्याची उदाहरणं आहेत. दवाखान्यात माझ्यासमोर जो डिफिब्रिलेटर होता तो अशाच रात्री विमान येईपर्यंत माणूस जगवण्यासाठी असतो. मी तो लागोपाठ अनेक वेळा भारून सोडला, दर वेळी भारायला किती सेकंद लागतात ते लिहिलं. बॅटरी थकत चालली की आधी तो वेळ वाढू लागतो. तो वाढला होता. माझ्याजवळची नवी बॅटरी बसवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

परतीच्या विमानाची वाट बघताना एक गोष्ट मनात आली, आणि ती मला अजूनही काळजीची वाटते. आयलंडरने पहिलं उड्डाण केलं 1965 मध्ये. ट्विन ऑटरनेही 1965 मध्येच. साठ वर्षं झाली, तरी आखूड धावपट्टीवरून आठ ते एकोणीस माणसं नेणारं, मीठ-वारा सोसणारं त्यांच्या तोडीचं दुसरं विमान फारसं कुणी बनवलेलं नाही. ट्विन ऑटरचं उत्पादन 1988 मध्ये थांबलं होतं; बदलायला दुसरं काही नाही म्हणून मागणी टिकून राहिली आणि 2010 मध्ये कॅनडातच दुसऱ्या कंपनीने ते पुन्हा सुरू केलं. आयलंडर बाराशेहून जास्त बनली. मोठ्या विमान कंपन्यांना या आकारात पैसा दिसत नाही. ऑर्कनीत अलीकडे नवे प्रयोग चालू आहेत: 2021 मध्ये कर्कवॉलहून विजेवर आणि इंधनावर चालणाऱ्या छोट्या विमानाची चाचणी झाली, 2023 मध्ये ड्रोनने शेजारच्या बेटांवर टपाल पोचवायला सुरुवात झाली. टपाल आणि औषधं ड्रोनने जातील, ते चांगलंच. पण त्या आजी ड्रोनमधून डॉक्टरांकडे जाऊ शकत नाहीत. माणसं नेणाऱ्या लहान विमानावर संशोधनाचा पैसा सरकारांनीच घालायला हवा.

काम संपल्यावर मी अहवाल लिहिला. यंत्रांच्या आकड्यांखाली एक जादा परिच्छेद जोडला. बॅरासाठी तारीख काढण्याआधी ओहोटीचा तक्ता बघावा आणि दवाखान्याला विचारावं. ऑर्कनीच्या उत्तरेकडच्या बेटांसाठी एक राखीव दिवस धरावा. मोठ्या बॅटऱ्या बऱ्याच आधी बोटीने रवाना कराव्यात. आणि प्रत्येक लहान बेटावर तपासून तयार ठेवलेला एक जादा डिफिब्रिलेटर असावा, कारण धुकं असेल त्या दिवशी दुसरा आणता येणार नाही. पहिल्या तीन गोष्टी कार्यालयाने लगेच मान्य केल्या, आणि पुढच्या फेरीची तारीख मला ओहोटीच्या वेळेसह लिहून आली. चौथीसाठी वेगळी तरतूद लागेल असं उत्तर मिळालं. त्या उत्तराला मी बेटांची नावं, लोकसंख्या आणि सध्याच्या यंत्रांचं वय असा तक्ता जोडून पुन्हा पाठवलं आहे, आणि त्याचा पाठपुरावा करते आहे.